दोन केबल आणि साडेआठ टीबी : नागपूरच्या एका स्टुडिओचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरात लहान ऑफिसं, दवाखाने आणि स्टुडिओ यांच्या कॉम्प्युटरची देखभाल मी करतो. हे प्रकरण महाल भागातल्या एका लग्न-फोटोग्राफी स्टुडिओचं आहे. मालकांना विचारूनच लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, बाकी घडलं तसंच ठेवलं आहे. यात सगळ्यात मोठी चूक माझी आहे, आणि तीच नीट मांडावी म्हणून हा खटाटोप.

स्टुडिओत एडिटिंगची ३ मशीन आणि साठवणुकीचं १. हे साठवणुकीचं मशीन म्हणजे साधं टॉवर कॅबिनेट, आत ४ टीबीच्या ४ हार्ड डिस्क, वर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, आणि चारही डिस्क मिळून रेड-५ (रेड ही अनेक डिस्क एकत्र बांधून एकाच मोठ्या डिस्कसारख्या वापरायची पद्धत). म्हणजे वापरायला १२ टीबी मिळतात, आणि चारपैकी कोणतीही १ डिस्क गेली तरी उरलेल्या ३ वरून तिच्यावरचा मजकूर गणिताने परत काढता येतो. रेडची ही मांडणी १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी केली. त्यांच्या हिशेबात बिघडणारी वस्तू म्हणजे डिस्क. डिस्क धडधाकट आहे, पण तिच्यापर्यंतचा रस्ताच खराब आहे, हा प्रसंग निराळा. या प्रकरणात तोच आला, आणि मला तो वेळेवर ओळखता आला नाही.

पुढे सोयीसाठी डिस्कना अ, ब, क आणि ड म्हणतो.

दोन गोष्टी आधीच्या आहेत. दिवाळीच्या साफसफाईत मी कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढली आणि आत लोंबणाऱ्या चारही साटा केबल (डिस्कला मदरबोर्डशी जोडणाऱ्या) एकत्र करून झिप-टायने आवळल्या. दिसायला छान दिसलं. पण बाजूचं पत्र्याचं पॅनल बसवताना तो जुडगा आत दाबावा लागला. क आणि ड या खालच्या दोन डिस्कच्या केबल तिथे तिरप्या ताणल्या गेल्या. त्या स्वस्तातल्या केबल होत्या, कनेक्टरला धातूची खिट्टी नव्हती.

दुसरी गोष्ट मार्चअखेरची. आतली खोली तापायला लागली म्हणून हे मशीन बाहेर खिडकीजवळच्या टेबलावर आणलं. खिडकीत कूलर. विदर्भातल्या माणसाला अधिक सांगायला नको: लोखंडी स्टँड, वुड वूलच्या जाळ्या आणि घरघर करणारा पंखा. स्टँडचा एक पाय टेबलाला टेकलेला होता.

अडचण

एप्रिलच्या सुरुवातीला एडिटिंगला बसणाऱ्या मुलाचा फोन आला. "सर, फाइल कॉपी होऊन राहिली, पण मधेच अडकते. अर्धा मिनिट काही हलत नाही, मग आपोआप चालू होते." त्यानेच पुढे म्हटलं, "कूलर लावला का जास्त अडकते. काहून ते समजत नाही."

मी त्याला सांगितलं, कूलरचा आणि कॉपीचा काय संबंध? व्होल्टेज कमी-जास्त होत असेल, यूपीएस तपासून घे. हे वाक्य मला नंतर फार खटकलं. रोज आठ तास त्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाने दोन घटना जोडून दाखवल्या होत्या, आणि मी फोनवरूनच त्या तोडल्या.

त्या वेळी मशीनचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, उघडला असता तर सगळं लिहिलेलं होतं. नंतर वाचला तेव्हा दिवसातून दहा-बारा वेळा एकच क्रम दिसला. आधी 'एटीए३ : एक्सेप्शन', ओळीच्या शेवटी 'फ्रोझन'. मग 'हार्ड रीसेटिंग लिंक'. मग दोन-तीन सेकंदांनी 'साटा लिंक अप'. सुरुवातीला या शेवटच्या ओळीत लिंकचा वेग ६.० जीबीपीएस असायचा. काही दिवसांनी ३.० झालं. महिन्याच्या मध्याला १.५.

याचा अर्थ सावकाश सांगतो, कारण सगळं प्रकरण इथेच आहे. मदरबोर्ड आणि डिस्क यांच्यात मजकूर फ्रेमच्या रूपात जातो आणि प्रत्येक फ्रेमच्या शेवटी ३२ बिटांची सीआरसी म्हणजे पडताळणीची संख्या असते. घेणारी बाजू तीच संख्या स्वतः काढते. जुळली नाही तर फ्रेम नाकारते आणि काम पुन्हा करावं लागतं. वाटेत मोडतोड झालेली फ्रेम चुकून बरोबर ठरण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत १. म्हणजे केबल खराब असली तरी चुकीचा मजकूर सहसा आत शिरत नाही. तो पुन्हा मागवला जातो, आणि वापरणाऱ्याला दिसते ती फक्त दिरंगाई.

दिरंगाईही लहान नसते. एनसीक्यू, म्हणजे डिस्कला अनेक कामं एकदम देण्याची सोय, चालू असताना एका डिस्ककडे एका वेळी ३२ पर्यंत कामं रांगेत असतात. एकात चूक निघाली की रांगेतली सगळी थांबतात, कोणतं फसलं ते डिस्कला विचारावं लागतं आणि बाकीची नव्याने पाठवावी लागतात. एखाद्या कामाचं उत्तरच आलं नाही तर लिनक्स ठरलेली ३० सेकंदं वाट पाहतो आणि मगच हालचाल करतो. मुलाने सांगितलेला 'अर्धा मिनिट' हाच.

चुका वारंवार व्हायला लागल्या की लिनक्स स्वतःहून लिंकचा वेग उतरवतो, कारण हळू बोललं तर खराब तारेवरूनही नीट ऐकू जातं. ६ जीबीपीएसला सेकंदाला ६०० एमबी जातात, ३ ला ३०० आणि १.५ ला १५०. यात एक फसवी गोष्ट आहे. फिरणारी हार्ड डिस्क मुळात सेकंदाला दीडशे-पावणेदोनशे एमबीच्या आसपासच देते. त्यामुळे लिंक ६ वरून ३ वर आली तरी काम पूर्वीइतकंच चालतं आणि कोणाला काही कळत नाही. धोक्याची पहिली खूण वापरणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. ती लॉगमध्येच पडून राहते.

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, एका गुरुवारी दुपारी, रेडने क डिस्क 'फॉल्टी' ठरवून बाहेर काढली. मी गेलो. समोर लग्नसराई, दुसऱ्या दिवशी पहाटे शूट, मालक घाईत. मी स्मार्टचा तक्ता काढला, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तो. वीस-पंचवीस ओळींचा तो तक्ता मी इतक्या वेळा पाहिला आहे की नजर सवयीने ठरावीक ओळींवरच जाते. ५ क्रमांकाची ओळ म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे मजकुराचे लहान कप्पे), १९७ म्हणजे संशयित सेक्टर, १९८ म्हणजे न वाचता आलेले. तिन्हींत शून्य. म्हणजे डिस्कच्या आतली, मजकूर साठवणारी चकती चांगली आहे. मग डिस्क बाहेर का पडली? मी म्हटलं, तिच्या सर्किटमध्ये बिघाड असेल.

१९९ क्रमांकाच्या ओळीत १,८४६ हा आकडा होता. तो मी वाचला आणि पुढे गेलो.

ही ओळ आहे यूडीएमए सीआरसी एरर काउंट. नाव जुनं आहे, रुंद पट्टीसारख्या केबलच्या अल्ट्रा डीएमए काळातलं, पण साटामध्येही तीच ओळ वापरतात. वाटेत मोडतोड झालेल्या फ्रेमा ती मोजते. चकती कशी आहे हे ५, १९७ आणि १९८ सांगतात. रस्ता कसा आहे हे १९९ सांगते. पहिल्या तिघांत शून्य आणि १९९ मध्ये शेकडो-हजारो असतील, तर डिस्क बदलायची नसते. केबल, कनेक्टर, पोर्ट आणि वीजपुरवठा तपासायचा असतो. हे मला माहीत होतं. त्या दुपारी ते माझ्या उपयोगी पडलं नाही, कारण रेडने 'फॉल्टी' हा शब्द आधीच वापरला होता आणि मी त्या शब्दाला पुरावा शोधत होतो.

सीताबर्डीहून नवी ४ टीबीची डिस्क आणली, त्याच जागी, त्याच केबलला लावली आणि रीबिल्ड, म्हणजे उरलेल्या तिन्ही डिस्कवरून तिच्यावर मजकूर नव्याने भरणं, सुरू केलं. जुन्या क डिस्कवर मास्किंग टेप लावून मार्करने 'खराब' लिहिलं आणि ती अल्बमच्या नमुन्यांच्या कपाटावर ठेवली.

इथे आणखी एक दार उघडं होतं आणि मी त्यातून गेलो नाही. या रेडमध्ये राइट-इंटेंट बिटमॅप होता. तो कोणत्या भागात नुकतं लिहिलं गेलं याची नोंद ठेवतो. चांगली डिस्क केवळ केबलमुळे बाहेर पडली असेल, तर केबल बदलून तीच डिस्क री-ॲड करता येते, म्हणजे रेडमध्ये परत घेता येते, आणि फक्त मधल्या काळात बदललेला भाग भरला जातो. काही मिनिटांचं काम. त्याऐवजी मी कोरी डिस्क घातली. म्हणजे अ, ब आणि ड या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचणं आलं. सेकंदाला १०० एमबी धरले तरी ४ टीबीला ११ तास. आणि त्या ११ तासांत रेडकडे एकही जादा डिस्क नाही.

त्यात मी मालकांना म्हटलं, काम चालू ठेवा, फक्त हळू चालेल. त्यांनी रात्री साडेअकराला एक कार्ड कॉपीला लावलं, एका मशीनवर फिल्मचं एक्सपोर्ट लावलं आणि ते घरी गेले.

पहाटे २ वाजून ५० मिनिटांनी, रीबिल्ड ४१ टक्क्यांवर असताना, ड डिस्कची लिंक तुटली. लॉगमध्ये रीसेटचे एकामागून एक फसलेले प्रयत्न आहेत आणि शेवटी 'डिसेबल्ड'. चारपैकी दोन जागा रिकाम्या झाल्या. रेड-५ तिथेच संपतं.

सकाळी सहाला मालकांचा फोन. "भाऊ, एकही फोल्डर उघडत नाही. काय झालं सांगा ना बाप्पा." बाहेरच्या डिस्कवरचा शेवटचा बॅकअप फेब्रुवारीचा होता. त्यानंतरच्या १४ लग्नांची दुसरी प्रत कुठेच नव्हती, कारण कॅमेऱ्याची कार्डं कॉपी झाली की फॉरमॅट होऊन पुढच्या शूटला जायची.

मी फोनवरच दोन गोष्टी सांगितल्या. मशीन आहे तसं बंद करा, पुन्हा चालू करू नका. आणि एकही कार्ड फॉरमॅट करू नका, रिकामं दिसत असलं तरी. त्या सकाळच्या शूटसाठी त्यांनी ओळखीच्या फोटोग्राफरकडून दोन कार्डं मागून आणली.

समोर असलेले पर्याय

स्टुडिओत पोचलो तेव्हा आधी १९९ ची ओळच पाहिली, या वेळी चारही डिस्कची. अ मध्ये ०. ब मध्ये ३. ड मध्ये २,३०७. आदल्या दिवशी सीलबंद आणलेल्या नव्या डिस्कमध्ये एका रात्रीत २११. दुकानातून आलेली कोरी डिस्क त्याच जागी बसून त्याच तक्रारी करते, तेव्हा दोष जागेचा. तिथे बसून मला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं की आपण दोन दिवस चुकीच्या वस्तूवर उपचार करत होतो.

यातली चांगली बातमी ही की ड डिस्क बहुधा ठीक होती. मग करायचं काय? मी मालकांना जे मांडलं ते असं.

रेड नव्याने 'क्रिएट' करणं. जुन्याच क्रमाने, जुन्याच मापाने रेड परत बनवा, मजकूर दिसायला लागेल, असा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. डिस्कचा क्रम, चंक (एकेका डिस्कवर जाणाऱ्या तुकड्याचं माप) आणि डेटा जिथून सुरू होतो ती जागा, यातलं एकही चुकलं आणि सिंक सुरू झालं, तर चुकीची पॅरिटी (गेलेला मजकूर परत काढायला ठेवलेला हिशेब) खऱ्या मजकुरावर लिहिली जाते. त्यातून परत येता येत नाही. हा पर्याय मी पहिल्याच मिनिटाला बाजूला ठेवला.

जुनी क परत घेणं. ती गुरुवारी दुपारी थांबलेली. त्यानंतरची संध्याकाळ तिच्यावर नाही. तिला ड च्या जागी धरलं तर वेगवेगळ्या वेळचे तुकडे एकत्र शिवले गेले असते.

अ, ब आणि ड यांना फोर्स करून जोडणं. रेड प्रत्येक डिस्कवर इव्हेंट काउंट ठेवतो, म्हणजे कोणती डिस्क किती ताजी आहे याचा आकडा. अ आणि ब चा सारखा होता, ड चा फक्त ६ ने मागे. ड बाहेर पडताच रेड बंद झालं, त्यामुळे नंतर फारसं काही लिहिलं गेलंच नव्हतं. हा रस्ता सरळ होता. धोका एवढाच की मूळ डिस्कवरच प्रयोग करायचा आणि मधेच पुन्हा काही झालं तर?

पुण्या-मुंबईच्या डेटा रिकव्हरी लॅबकडे पाठवणं. चकतीवर ओरखडा असता, डोकं खटखटत असतं, तर मी दुसरा विचार केला नसता. इथे डिस्क वाचता येत होत्या. मालकांनी विचारलं, "तुमचा स्वतःचा डेटा असता तर काय केलं असतं?" मी म्हटलं, आधी ड ची प्रत काढली असती आणि मूळ डिस्कवर एक बिटही लिहिला नसता. आणि हेही सांगितलं की गुरुवारचा निर्णय माझा चुकला आहे, त्यामुळे त्यांना दुसऱ्या कोणाला बोलवायचं असेल तर मी सगळे लॉग त्यांच्या हाती देईन. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "करा तुम्हीच. पण घाई करू नका."

काय केलं

चारही डिस्क कॅबिनेटमधून काढून माझ्या टेबलावरच्या दुसऱ्या मशीनला, नव्या, खिट्टीच्या केबलने जोडल्या. जुन्या मशीनमधून फक्त डिस्क घेतल्या, बाकी काही नाही.

प्रत काढायला डिस्क हवी. नवी आणलेली ४ टीबीची अर्धवट भरलेली होती आणि त्या अर्धवट रीबिल्डचा आता उपयोग नव्हता. दोन्ही डिस्कचे सेक्टर मोजून पाहिले: ७,८१,४०,३७,१६८, तंतोतंत सारखे. मग जीएनयू डीडीरेस्क्यूने ड ची प्रत नव्या डिस्कवर काढायला लावली. हा प्रोग्रॅम कुठपर्यंत वाचलं आणि कुठे अडलं याचा नकाशा फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू होतो. एप्रिल महिना आणि दुपारची वेळ. यूपीएसवर मशीन आणि शेजारी मी.

९ तास लागले. शेवटी एररच्या रकान्यात शून्य. ड डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचला गेला होता. मी लगेच १९९ पाहिली: २,३०७. सुरुवातीला होती तेवढीच. ४ टीबी मजकूर नव्या केबलवरून गेला आणि एकही फ्रेम मोडली नाही. केबलबद्दलचा माझा अंदाज तिथे पक्का झाला.

पुढची पायरी ओव्हरलेची. डिव्हाइस मॅपरच्या स्नॅपशॉटने अ, ब आणि ड ची प्रत या तिघांवर पातळ आवरण चढवलं. वाचणं खालच्या डिस्कवरून होतं, लिहिणं मात्र बाजूच्या एका फाइलमध्ये जातं. काही बिघडलं तर ती फाइल पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते. या आवरणांवर रेड 'असेंबल' केलं, 'फोर्स' जोडून. चारपैकी तीन जागा भरल्या आणि रेड उभं राहिलं. ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमचा जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद, चालू दिला. ओव्हरले होता म्हणूनच ते धाडस करता आलं. फाइल सिस्टिमच्या तपासणीत किरकोळ अनाथ नोंदी निघाल्या, डिरेक्टरी सगळ्या जागच्या जागी.

मालकांना फोन लावून स्क्रीन दाखवली. ते काही बोलले नाहीत. फोल्डरांची नावं वरपासून खालपर्यंत वाचत राहिले.

कॉपी करताना क्रम ठरवावा लागला. एकूण मजकूर साडेआठ टीबी. आधी फेब्रुवारीनंतरची १४ लग्नं, सुमारे सव्वादोन टीबी, कारण त्यांचीच दुसरी प्रत नव्हती. त्यातही ज्यांची कार्डं फॉरमॅट झाली होती ती पहिली. ते होईपर्यंत बाकी कशाला हात लावला नाही. त्यासाठी मालकांनी ८ टीबीच्या दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या. त्या पुढे बॅकअपला लागणारच होत्या.

नंतर पडताळणी. नुसती फाइल दिसली म्हणजे ती शाबूत आहे असं नाही. प्रत्येक व्हिडिओ एफएफएमपेग या प्रोग्रॅमने सुरुवातीपासून शेवटपर्यंत डीकोड करून पाहिला, फोटो उघडून पाहणारी एक छोटी स्क्रिप्ट लावली. दोन दिवस त्यातच गेले.

मूळ कारण कसं पक्कं केलं

डेटा सुरक्षित झाल्यावर जुनं कॅबिनेट पुन्हा त्याच टेबलावर ठेवलं आणि खालच्या जागेला जुन्याच केबलने एक रिकामी डिस्क लावली. सतत वाचन लावून १९९ मोजत बसलो. कूलर बंद: तासाला ४-५. कूलर चालू: तासाला ६० च्या वर. केबलला बोटाने हलकंच ढकललं की आकडा लगेच उडी मारायचा. मग तीच डिस्क वरच्या जागेला, अ च्या केबलवर: कूलर चालू असतानाही शून्य. चूक डिस्कबरोबर गेली नाही, जागेवरच राहिली. अशी अदलाबदल करायला पंधरा मिनिटं लागतात.

झिप-टाय कापून दोन्ही केबल काढल्या. क च्या केबलचा कनेक्टर एका बाजूने सैल झाला होता, डोळ्यांना दिसेल इतका तिरपा बसत होता. ड च्या केबलच्या संपर्कपट्ट्या दोन ठिकाणी घासून काळपट पडल्या होत्या. नव्या केबल, कोणताही ताण न देता, कूलर पूर्ण वेगात आणि स्टँड टेबलाला तसाच टेकलेला: ४८ तासांत शून्य. म्हणजे मूळ दोष ताणलेल्या केबलचा. कूलरच्या थरथरीने तो वाढवला.

आणि कपाटावरची 'खराब' डिस्क? लांबलचक सेल्फ-टेस्ट लावली. पास. एकही खराब सेक्टर नाही.

निष्पत्ती

१४ लग्नांपैकी एकाचंही मूळ चित्रीकरण गेलं नाही. रात्री कॉपीला लावलेलं कार्ड अर्धवट होतं, पण ते फॉरमॅट झालं नसल्यामुळे पुन्हा कॉपी करता आलं. एक्सपोर्टची फाइल तुटली, ती परत काढली. एका प्रोजेक्टचं चार तासांचं एडिटिंग गेलं. ते त्या मुलाने पुन्हा केलं.

स्टुडिओ मात्र पाच दिवस ठप्प राहिला. एका कुटुंबाला रिसेप्शनमध्ये दाखवायची फिल्म वेळेवर मिळाली नाही, मालकांनी त्यांना पैशांचा काही भाग परत केला. मी माझ्या कामाचे पैसे घेतले नाहीत आणि नव्या ४ टीबी डिस्कची किंमत माझ्याकडून दिली.

पडताळणीत एक गोष्ट निघाली जी या प्रसंगातली नव्हतीच. काही वर्षांपूर्वीच्या एका लग्नाच्या क्लिपमध्ये मधेच काही सेकंद चित्र फाटलेलं होतं. फेब्रुवारीच्या बॅकअपमधली प्रत लावून पाहिली, तीही तशीच. म्हणजे बिघाड जुना, आणि बॅकअपमध्येही इमानाने उतरलेला. साटाची सीआरसी फक्त केबलपुरती असते. कार्ड, रॅम, यूएसबी रीडर, डिस्क या पूर्ण प्रवासात मजकूर तोच राहिला का, हे ती सांगत नाही. रेड-५ ची तपासणी दोन बाजू जुळत नाहीत एवढंच सांगते, कोणती खरी ते नाही. ईएक्सटी४ फाइलमधल्या मजकुराची चेकसम, म्हणजे पडताळणीची संख्या, ठेवत नाही. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टिम ठेवतात. स्टुडिओकडे कोणत्याच टप्प्यावर चेकसम नव्हती, म्हणून ती क्लिप कुठे बिघडली याचा माग काढता आला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

एप्रिलमधल्या त्या पहिल्या फोनवर लॉग मागवायला हवा होता. दूरून पाच मिनिटांत पाहता आला असता. 'लिमिटिंग साटा लिंक स्पीड' ही ओळ दिसली की काम थांबवून केबल पाहायची, हे आता मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

गुरुवारी डिस्क बदलण्याआधी केबलची अदलाबदल करायला हवी होती आणि मग री-ॲड. आणि रीबिल्ड करायचंच होतं, तर आधी फेब्रुवारीनंतरचं सव्वादोन टीबी बाहेर काढायला हवं होतं. एकच डिस्क गेलेल्या रेडवरून मजकूर वाचता येतो. त्या वेळी आमच्या हातात एक आख्खी संध्याकाळ होती आणि आम्ही ती तीन डिस्कना दमवण्यात घालवली. काम चालू ठेवायला सांगणं हीही चूकच. मालक विचारत होते, नाही म्हणणं माझं काम होतं.

रेड-६ करावं का, यावर आमची बरीच चर्चा झाली. दोन डिस्क गेल्या तरी ते टिकतं. पण चार जागांत रेड-६ केलं तर वापरायला ८ टीबीच उरतात, आणि एकाच झिप-टायमध्ये चारही केबल आवळलेल्या असतील तर तिसरीही जाऊ शकते. तेवढ्या पैशांत दुसरी प्रत चांगली, असं माझं मत होतं आणि त्यांनाही ते पटलं. आता ८ टीबीच्या त्या दोन डिस्क आलटून-पालटून चालतात, एक स्टुडिओत आणि एक मालकांच्या घरी. कार्ड कॉपी होताना प्रत्येक फाइलची चेकसम लिहून ठेवली जाते, आणि दोन ठिकाणी ती जुळल्याशिवाय कार्ड फॉरमॅट होत नाही. पहिले काही दिवस सगळ्यांना ते जड गेलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रेडची पूर्ण तपासणी चालते. डेबियन या लिनक्समध्ये ती सोय तयारच मिळते, फक्त मशीन त्या रात्री चालू ठेवावं लागतं.

१९९ चा आकडा कधी उतरत नाही. केबल बदलली तरी जुनी बेरीज तशीच राहते, त्यामुळे पुढे कोणी तो पाहिला तर घाबरेल किंवा दुर्लक्ष करेल. म्हणून त्या मुलाने प्रत्येक डिस्कच्या ट्रेवर मास्किंग टेप लावून आकडा आणि तारीख लिहिली आहे. दर सोमवारी तो आकडे पाहून मला पाठवतो. जुनी क डिस्क पुन्हा तिच्या जागी आहे, 'खराब' ची टेप काढून तिथे १,८४६ लिहिलं आहे. ड वर २,३०७. गेल्या सोमवारीही दोन्ही तेवढेच होते, आणि कूलरचा स्टँड टेबलापासून वीतभर लांब.